आप्पांची कार्ब-खतावणी

बार्शीच्या मार्केट यार्डात ज्वारी विकणारे पुष्कळ आणि गावात ज्वारी खाणारे त्याहून पुष्कळ. पण ज्वारी विकून पोट भरायचं आणि त्या पोटात ज्वारीचा एक दाणा जाऊ द्यायचा नाही, असा नेम धरलेली एक जमात अलीकडं निघाली आहे. ही माणसं आडतीच्या गादीवर असतात, बँकेत असतात, शाळेतून निवृत्त झालेली असतात, कचेरीबाहेर स्टॅम्पपेपर घेऊन बसलेली असतात. वय पन्नाशी ते पासष्टी. शर्टाचं खालून दुसरं बटण कायम ताणावर. वरच्या खिशात दोन कागद : एक रक्ताचा रिपोर्ट, दुसरा कशात किती कार्ब आहेत त्याचा तक्ता. असा एक तरी इसम प्रत्येक गल्लीत सापडतो. सगळ्यांबद्दल एकदम बोलता यावं म्हणून आपण त्याला आप्पा म्हणू. तुमच्या घरात कुणी आप्पा असतील आणि हे त्यांच्यावरच लिहिलंय असं वाटलं, तर वाद घालणार नाही.

आपले आप्पा आडते आहेत. ओंजळीत वाण घ्यायचा, तळव्यावर खेळवायचा, दोन दाणे दाताखाली टाकायचे आणि ओलावा किती ते सांगायचं, ही त्यांची चाळीस वर्षांची विद्या. यंत्र नंतर तेच सांगतं. आता आप्पा दाणा चावतात आणि बाजूला जाऊन थुंकतात. पहिल्यांदा हे पाहून एक शेतकरी घाबराघुबरा झाला. "आप्पा, मालात काय खोट हाय का?"

"मालात न्हाय गड्या, माझ्यात हाय. कार्ब चालत न्हाईत मला."

शेतकऱ्याला वाटलं, कार्ब हा कुठला तरी नवा रोग आला. त्यानं घरी जाऊन राहिलेल्या पोत्यांवर औषध मारलं म्हणतात.

आप्पांचा हा संन्यास सुरू झाला तो 'दीक्षित करण्या'पासून. महाराष्ट्रात आता काही लोक योग करतात, काही विपश्यना करतात आणि काही दीक्षित करतात. डॉ. जगन्नाथ दीक्षित लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक होते, डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढं नेत त्यांनी गावोगाव सांगितलं, की दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत आटपा, मधल्या वेळात तोंड बंद ठेवा आणि पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. लातूर म्हणजे बार्शीला शेजार. शेजारच्या गावचा वैद्य आपल्याला लवकर पटतो. आप्पांनी लगेच सुरू केलं. मग हिंजवडीतल्या मुलानं फोनवर कीटो सांगितलं : पीठ, भात, साखर बंद, तूप, लोणी, पनीर चालू. आप्पांना हेही पटलं. विशेषतः दुसरा भाग. अशा रीतीनं एका पंथाची पंचावन्न मिनिटं, दुसऱ्या पंथाचं लोणी आणि घरच्या एकादशीची दाण्याची आमटी एकत्र करून आप्पांनी आपला स्वतंत्र संप्रदाय काढला. त्याला ते 'लो कार्ब' म्हणतात. गोड टाळा, हेही डॉक्टरांनी सांगितलेलं आहे. पण आप्पांच्या प्रतीत ती पानं एकमेकांना चिकटलेली आहेत.

भाकरी सुटली, भात सुटला. जिलबीसमोर आप्पा हात जोडून उभे राहू लागले, श्रीखंडाची वाटी त्यांनी स्वतः उचलून शेजारच्या पानात ठेवली. गावात नाव झालं. फक्त एका ठिकाणी वैराग्याला तडा गेला, तो म्हणजे आइस्क्रीम. त्यात त्यांचा दोष कमी आणि हवामानाचा जास्त. बार्शीचा मे महिना ज्यानं काढलाय त्याला हे सांगायला नको. पारा चाळीसच्या वर, दुपारी पंखा गरम वारा फेकतो आणि रात्री नऊनंतर सगळं गाव अंगातला उकाडा घालवायला रस्त्यावर येतं. अशा वेळी काकडी खाऊन समाधान मानावं हे सांगणारा माणूस बहुधा महाबळेश्वरचा असतो.

शिवाय आप्पांच्या पिढीचं आइस्क्रीम दुकानातलं नव्हतं, घरचं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत पॉट भाड्यानं आणायचा. लाकडी बादली, मधे डबा, भोवती बर्फ आणि खडेमीठ. मिठानं बर्फाचं पाणी होतं, पण ते पाणी शून्याच्या कितीतरी खाली उतरतं आणि डब्यातलं दूध धरू लागतं. दांडा पोरांनी आळीपाळीनं फिरवायचा; दांडा जड झाला की आइस्क्रीम झालं. मोठ्यांची पंगत आधी आणि फिरवणाऱ्यांची नंतर, हा अन्याय आप्पा अजून विसरलेले नाहीत. त्यांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं म्हणणं, की ते आजही तीच वसुली करतायत.

आता वसुली करायची तर वही हवी. आप्पांनी लाल कापडी बांधणीची वही घातली आणि तीत कार्बची खतावणी सुरू केली. डावीकडं जमा, उजवीकडं नावे. न खाल्लेली भाकरी जमेला, खाल्लेलं आइस्क्रीम नावे. हिशोब असा : साठ ग्रॅम पिठाची एक भाकरी. ज्वारीच्या पिठात शंभराला सत्तरच्या आसपास कार्ब, म्हणजे भाकरीमागं चाळीसेक ग्रॅम. व्हॅनिला आइस्क्रीममध्ये शंभर ग्रॅमला चोवीसच्या आसपास. चाळीस वजा चोवीस, शिल्लक सोळा.

"म्हंजे बघा," आप्पा मला पेन्सिलीनं आकड्याखाली रेघ ओढून दाखवतात, "एक भाकरी सोडली आन् एक कप आइस्क्रीम खाल्लं, तरी सोळा ग्रॅम आपल्यालाच येणं निघतं."

हा हिशोब ऐकून मी काही वेळ गप्प बसलो, कारण आकडे खरे होते. मात्र वहीत नसलेलेही दोन आकडे खरे आहेत. एक ग्रॅम कार्ब म्हणजे चार कॅलरी आणि एक ग्रॅम चरबी म्हणजे नऊ. त्या हिशोबानं साठ ग्रॅम पिठाची भाकरी आणि शंभर ग्रॅम आइस्क्रीम, दोन्ही दोनशे कॅलरींच्या आसपासच येऊन थांबतात. फरक एवढाच, की भाकरीनं पोट चार तास गप्प बसतं आणि आइस्क्रीमनं चार मिनिटं. आप्पांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "कॅलरीची वही येगळी. ती आपण घातलीच न्हाई."

या खतावणीतला खरा घोटाळा काकूंनी पकडला. एक दिवस त्या चष्मा लावून वही चाळत बसल्या आणि त्यांनी जमेची बाजू मोठ्यानं वाचली : "सकाळी भाकरी चार. रात्री भाकरी चार." मग चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी विचारलं, "आवं, तुम्ही जल्मात कवा चार भाकरी खाल्ल्या? लग्न झाल्यापासनं दोनाची तिसरी मागितली न्हाई."

"खाल्ल्या न्हाईत म्हणून तर जमेला धरल्या," आप्पा म्हणाले.

न पिकलेल्या मालाची पट्टी करण्याचा हा प्रकार मार्केट यार्डात चालला नसता, परवाना गेला असता. पण कार्बच्या बाजाराला बाजार समिती नाही.

आप्पांचे नव्वदीतले वडील, थोरले आबा, या सगळ्याला अमेरिकेचं खूळ म्हणतात. त्यावर आप्पांजवळ तोड आहे. हे खूळ अमेरिकेचंही नाही आणि आजचंही नाही. लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचा एक गृहस्थ होता. वजन इतकं वाढलं, की बुटाची नाडी बांधायला वाकता येईना. विल्यम हार्वी नावाच्या डॉक्टरनं त्याचा पाव, साखर, बटाटा, बिअर बंद केली. तो उतरला आणि १८६३ मध्ये त्यानं लठ्ठपणावर लोकांना उद्देशून एक पत्रवजा पुस्तिकाच छापली. पुढं तो ऐंशी पार करून गेला. आप्पा ही कथा कीर्तनासारखी रंगवून सांगतात. थोरल्या आबांनी शेवटी एकच शंका काढली : "त्यो धंदा काय करत हुता?"

"अंत्यविधीचं सामान पुरवायचा."

"मग बरोबर हाय," आबा म्हणाले. "रोज मापं घेत आसंल. स्वतःचं माप डोळ्यात भरलं आसंल."

बँटिंगला वाइनची परवानगी होती, हेही आप्पा सांगतात. पण घरात माळ असल्यामुळं हळू आवाजात.

आइस्क्रीमच्या दुकानात आप्पांना पाहावं. पंचेचाळीस मिनिटांच्या चालण्याचा त्यांचा रस्ता उपळाई रोडनं जातो की पांडे चौकातनं, हे त्या दिवशी कुठलं दुकान उघडं आहे त्यावर ठरतं. आत शिरले की ते आधी फ्रीजरची काच पुसतात आणि डबे उलटे करून मागची बारीक अक्षरं वाचू लागतात. मागं रांग वाढत जाते. आप्पांना कायदा पाठ आहे. ज्याला नुसतं 'आइस्क्रीम' म्हणायचं त्यात दुधाची चरबी किमान दहा टक्के पाहिजे. अडीच ते दहा असेल तर 'मीडियम फॅट', अडीचच्या आत 'लो फॅट'. आणि दुधाच्या चरबीच्या जागी वनस्पती तेल घातलं असेल तर त्याला 'फ्रोझन डेझर्ट' म्हणावं लागतं. हे सगळं ते दुकानातल्या पोराला ऐकवतात. पोरगं बारावीची परीक्षा देऊन सुट्टीत कामाला लागलेलं असतं. त्याला वाटतं, तोंडी परीक्षा राहिली होती ती ही.

मग आप्पा मुख्य मुद्द्यावर येतात. "एक लिटर आइस्क्रीमचं वजन किती भरायला पायजे, सांग बघू."

"एक किलो?"

"पाचशे पंचवीस ग्रॅम. कायद्यात तेवढंच बसवलंय. म्हंजे निम्मी हवा. आम्ही पोत्यामागं दोन किलो कडता धरला तर शेतकरी अंगावर येतो, आन् तुम्ही निम्मं पोतं हवेचं इकता!"

पोरगं मालकाकडं बघतं, मालक छताकडं बघतो. खरं तर ही हवा नसती तर आइस्क्रीम चमच्यात आलंच नसतं, ते घोटताना हवा धरतं म्हणूनच मऊ राहतं. आणि हे आप्पांनाही ठाऊक आहे. पण त्यांना भांडायचं नसतं, सूट काढायची असते. पैशाची नव्हे, कार्बची. "हवेला कार्ब नसतात" हे वाक्य ते दुकानदाराच्या तोंडून वदवून घेतात आणि मगच बाकड्यावर बसतात.

बसल्यावर ऑर्डर कुणाची? काकूंची. नातवाची. बरोबर आलेल्या माझी. आप्पांची कधीच नाही. "मला नगं. नुसती चव बघतो." हे त्यांचं ब्रीद. चव बघायला त्यांना काकूंच्या कपातले दोन चमचे लागतात, नातवाच्या कपातले तीन आणि माझ्या कपातला 'वेगळा फ्लेवर दिसतोय' म्हणून एक मोठा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू केली, तेव्हा त्याची युक्ती हीच होती : अडीच फुटी रूळ आणि डब्या-इंजिनांचा भार असा वाटून टाकायचा, की एकाही आसावर पाच टनांपेक्षा जास्त पडू नये. आप्पाही भार तसाच वाटतात. कुठल्याच कपावर फार पडत नाही, गाडी मात्र भरून जाते. वहीत त्या रात्रीची नोंद असते : आइस्क्रीम, निरंक.

पण आप्पांची खरी परीक्षा लग्नात. कार्यालयात पहिला घास घेताना ते काकूंना वेळ सांगून ठेवतात. "सात वाजून पाच. ध्यानात ठिव." म्हणजे आठच्या ठोक्याला तोंड बंद. मग ते शांतपणे पनीर, मठ्ठा, कोशिंबीर असं जेवतात. पुरी नाकारतात, मसालेभात नाकारतात, आग्रह करणाऱ्या वधूपित्याला दोन्ही हातांनी थोपवतात. बायका त्यांच्याकडं बोट दाखवून आपापल्या नवऱ्यांना बोलतात. पण सात पन्नासला त्यांची नजर मांडवाच्या कोपऱ्याकडं वळते. तिथं आइस्क्रीमच्या टेबलापुढं बारकी पोरं एकावर एक चढलेली. एकेक पोरगं तीनदा येतं. सात चोपन्नला आप्पा रांगेत. सात छप्पनला वधूपिता त्यांचा दंड धरतो : "आप्पा, फोटो राहिला, चला स्टेजवर." फोटोत आप्पा नवरा-नवरीकडं बघत नाहीत, कॅमेऱ्याकडंही बघत नाहीत, मनगटाकडं बघतात. अशा फोटोंचा बार्शीत आता एक अल्बम होईल. सात एकोणसाठला, पोरांच्या डोक्यांवरून हात घालून, ते कप मिळवतात.

पण खाऊन संपेपर्यंत आठ वाजून सात मिनिटं होतात. नियम मोडला की नाही? मी हे विचारलं तेव्हा आप्पांनी मला यार्डातला कायदा समजावला. "सौदा वेळेत झाला की बास. माल उचलायला येळ लागतोच."

घड्याळावर उपास सोडणाऱ्यांत आप्पा पहिले नाहीत, आणि या गावात तर नाहीतच. बार्शीचं दैवत भगवंत, आणि भगवंताची कथा मुळात उपासाच्या पारण्याची. राजा अंबरीष एकादशीचा कडक उपास करायचा आणि द्वादशीला पारणं फेडायचा. एकदा ऐन द्वादशीला दुर्वास ऋषी पाहुणे आले, स्नानाला म्हणून नदीवर गेले आणि येईचनात. द्वादशी सरत आली. पारणं वेळेत फेडावं तर पाहुण्याआधी जेवल्याचा दोष, न फेडावं तर व्रतभंग. राजानं नुसतं तीर्थ घेतलं. दुर्वास चिडले, शाप दिला, आणि भक्ताचा तो शाप आपल्या अंगावर घेतला म्हणून देव इथं भगवंत या नावानं उभा, असं गावात सांगतात. पंढरीची एकादशी करून बार्शीला द्वादशी सोडायला येण्याची रीत त्यातूनच. आप्पा दर द्वादशीला देवळात जातात. अंबरीषाच्या अडचणीबद्दल त्यांना जितकी आतून कळकळ आहे तितकी कीर्तनकारालाही नसेल. "फक्त त्येनं तीर्थावर भागवलं," ते खेदानं म्हणतात. "फ्रीज नव्हता तवा."

मधे काही दिवस आप्पांनी घरीच बिनसाखरेचं आइस्क्रीम करायचं घेतलं. साहित्य साधं : घट्ट साय, बदामाचा भुगा, वेलदोडा आणि पुण्याहून मागवलेली स्टीव्हियाची बाटली. मिश्रण रात्री फ्रीजरमध्ये गेलं. सकाळी डब्यातून जे निघालं त्यावर चमचा वाकला. मग सुरी, मग अडकित्ता, शेवटी काकूंचा बत्ता. काकूंनी बत्ता परत मागितला तो आइस्क्रीमसाठी नव्हे, फरशीच्या काळजीनं.

याचं कारण आप्पांना मुलीनं सांगितलं. ती शाळेत विज्ञान शिकवते. साखर आइस्क्रीममध्ये नुसती गोडीला नसते. पाण्यात साखर विरघळलेली असली की ते शून्याला पूर्ण गोठत नाही; म्हणून फ्रीजरमधलं आइस्क्रीम निम्मं बर्फ आणि निम्मा पाक अशा अवस्थेत मऊ राहतं. साखर काढली की बर्फ मोकळा सुटतो. स्टीव्हियाचे चार थेंब गोडी देतात, पण चार थेंबांनी बर्फ अडत नाही. शिवाय जिभेवर मागून कडवटपणा येतो तो वेगळा. यावर जावईबापूंनी उपाय सुचवला, की मद्यार्कही लवकर गोठत नाही, तेव्हा मिश्रणात चमचाभर रम घाला. थोरल्या आबांनी गळ्यातली माळ चाचपली आणि पुढचे दोन दिवस जावयाशी बोलले नाहीत. उपाय शास्त्रशुद्ध होता, पण घर माळकऱ्याचं होतं.

मग आप्पा सुक्रालोजकडं वळले. ही पूड साखरेच्या सुमारे सहाशे पट गोड. तिचा शोध १९७६ चा, लंडनचा, आणि त्यात शशिकांत फडणीस नावाचे भारतीय संशोधक. प्रयोगशाळेत तयार झालेला पदार्थ तपासून बघ, असं वरिष्ठांनी सांगितलं; फडणिसांनी ऐकलं, चाखून बघ; आणि त्यांनी सरळ जिभेला लावला. आप्पांना हा किस्सा कळला तेव्हा त्यांची मान ताठ झाली. "बघा. आपला माणूस! नुसती चव बघितली तर जगाला शोध लागला. आन् मी चव बघितली की घरात बोंब."

शेवटी त्यांनी 'नो ॲडेड शुगर' लिहिलेला तयार डबा आणला. वरून साखर घातलेली नाही एवढाच त्याचा अर्थ. दुधातली मूळची साखर कुठं जात नाही. गोडीसाठी त्यात माल्टिटॉलसारखी पॉलिओल घातलेली असतात. ती सगळी पचत नाहीत म्हणून साखरेपेक्षा सौम्य. पण जे पचत नाही ते पुढं सरकतं, आणि पुढं गेल्यावर स्वस्थ बसत नाही. डब्यावर तशी सूचना छापलेली असते. सगळ्या डब्यांचे मागचे मजकूर वाचणाऱ्या आप्पांनी नेमकी याच डब्याची सूचना वाचली नाही, कारण 'नो ॲडेड शुगर' ही अक्षरं समोरच्या बाजूला होती आणि तिथंच त्यांचा आनंद उतू गेला. अर्धा लिटरचा डबा त्यांनी एकट्यानं, एका बैठकीत, प्रामाणिकपणे संपवला. ती रात्र आप्पांनी चालण्यात काढली. पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटरचं उद्दिष्ट अंगणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच पुरं झालं.

आता ते पुन्हा दुकानातल्या आइस्क्रीमवर आले आहेत, आणि त्यातही सीताफळाच्या. सीताफळाच्या गरात शंभर ग्रॅमला वीस ग्रॅमहून जास्त कार्ब असतात, वर आइस्क्रीमची साखर. तक्त्यात हा आकडा लाल शाईनं लिहिलेला आहे. पण इथं आप्पा हिशोब बाजूला ठेवतात, कारण प्रश्न तालुक्याचा येतो. बिया कमी, गर जास्त आणि टिकाऊ असं एनएमके-१ हे सीताफळाचं वाण याच बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याचं, नवनाथ कसपटे यांनी निवडून काढलेलं. आज ते कुठं कुठं लावलं जातं. "आपल्या तालुक्याचा माल आपण न्हाई उचलायचा तर कुणी?" असं म्हणून आप्पा नातवाला सीताफळाचा डबल घ्यायला लावतात. नातवाला चॉकलेट हवं असतं. तो रडतो. मग सीताफळ आप्पांना संपवावं लागतं. अन्न वाया घालवायचं नाही, हा वारकरी संस्कार.

हसायचं तेवढं हसून झाल्यावर सांगितलं पाहिजे, की आप्पांची भीती खोटी नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ मध्ये आले, त्यानुसार देशात मधुमेहाचे रुग्ण १० कोटींच्या वर आणि उंबरठ्यावरचे १३ कोटींच्या वर. आप्पा या दुसऱ्या रांगेत उभे आहेत. त्यांच्या थोरल्या भावाचा पाय त्याच आजारानं गेला. कार्ब कमी केल्यानं अनेकांची साखर खरंच उतरते. आप्पांचीही थोडी उतरली आहे, कारण आइस्क्रीमच्या नादात का होईना, चहातली साखर, दुपारचं फरसाण आणि रात्रीचा दुसरा भात गेला. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यानं मात्र असले बदल डॉक्टरला विचारूनच करावेत. आपल्या मनानं कार्ब तोडले तर साखर एकदम खाली जाऊन चक्कर येते आणि ती खतावणी बघून येत नाही.

तेव्हा आप्पांचा आहार चुकला असं म्हणवत नाही. चुकला तो त्यांचा जमाखर्च. उपासाला वजनकाटा लावायची सवय आपल्याला नवी नाही. 'एकादशी, दुप्पट खाशी' हे आपल्याच लोकांनी आपल्याबद्दल म्हणून ठेवलंय. साबुदाण्याला उपासाचा मान आपण दिला, तसाच आता सायीला देतोय. पोटाला मात्र पंथ कळत नाही. त्याला जे पोचतं ते पोचतं, मग ते कुणाच्याही कपातून आलेलं असो.

माझं मत विचाराल तर, ज्याला डॉक्टरनं मोकळीक दिली आहे त्यानं महिन्यातून एखाददा आइस्क्रीम आइस्क्रीम म्हणूनच खावं. चांगलं खावं, लहान कप घ्यावा, जेवणाला जोडून घ्यावा, त्या दिवशीची एक खरी भाकरी खरोखर कमी करावी आणि जीभ चाटून घरी यावं. औषधाचं नाव दिलं की मात्रा वाढते, हा अनुभव आप्पांच्या घरचा आहे.

आणि अशा कुठल्याही आप्पांबरोबर दुकानात जायची वेळ आली, तर माणसं मोजताना गफलत करू नका. जो "मला नगं" म्हणेल, त्याच्या नावाचा कप सगळ्यात आधी सांगा.